सिक्युरिटी एजन्सी: चार स्टार, एक रविवारचा कापला

डोंबिवलीत आमची चार विंगची सोसायटी आहे. सिक्युरिटी एजन्सी बदलायची म्हटलं की मीटिंगमध्ये फक्त दरावर चर्चा होते. या वेळी सेक्रेटरी म्हणून मी आधी लायसन्स मागितलं. 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याप्रमाणे ते नसेल तर हा धंदा करताच येत नाही. या नव्या एजन्सीने लायसन्सची प्रत दिली, वर गार्डची फोटो ओळखपत्रं आणि ट्रेनिंगचे कागदही (नव्या माणसाला वर्गात 100 तास, प्रत्यक्ष कामावर 60). युनिफॉर्म निळसर राखाडी. आधीचे गार्ड खाकी घालून, खांद्यावर तारे लावून मिरवायचे. पोलिसांसारखा दिसणारा वेश घातला तर याच कायद्यात शिक्षा आहे, पण आमच्या मेंबरांना तोच रुबाब आवडायचा!

खरी परीक्षा दिवाळीच्या आधी झाली. बी विंगमधल्या एका काकांची अंगठी सापडेना. धुणीभांडी करणाऱ्या मावशी काम आटपून निघाल्या, तर काका त्यांच्या आधी गेटवर हजर. "हिची झडती घ्या. अंगठी निघेपर्यंत केबिनमध्ये बसवून ठेवा."

सुपरवायझर खुर्चीतून उठला, पण मावशींच्या पिशवीला हात लावला नाही. "काका, त्यांनी स्वतःहून पिशवी दाखवली तर बघतो. झडती आम्हाला घेता येत नाही. तुमचा संशय असेल तर 112 लावतो, पोलीस येऊन बघतील."

"मग पगार कशाला देतो तुम्हाला?"

"गेट सांभाळायला, काका."

काकांनी फोन लावू दिला नाही. मावशी घरी गेल्या.

माणूस अगदी बरोबर बोलला. युनिफॉर्म चढवला म्हणून गार्डला पोलिसांचे अधिकार मिळत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे, डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) गुन्हा करणाऱ्याला किंवा घोषित गुन्हेगाराला तो पकडू शकतो. हे तुम्हा-आम्हालाही करता येतं. तेही सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. निव्वळ संशयावरून मावशींना केबिनमध्ये कोंडलं असतं, तर बेकायदा डांबून ठेवल्याचा गुन्हा गार्डवर लागला असता आणि सांगणारे म्हणून काकाही त्यात अडकू शकले असते. जनरल बॉडीत मी हे सांगितलं तेव्हा काका चहा घ्यायला उठले.

आता रडगाणं. रविवारी रिलिव्हर, म्हणजे बदली गार्ड, येतच नाही. मग रात्रपाळीवाला तसाच दिवसाही उभा राहतो, आणि दुपारी तो खुर्चीत पेंगताना दिसला की व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचे फोटो टाकायला हेच मेंबर पुढे. व्हिजिटर रजिस्टरमध्ये निम्मे मोबाइल नंबर नऊ आकडी. डिलिव्हरीवाल्यांची नोंद तर देवाच्या भरवशावर.

करार वर्षभरासाठी वाढवलाय. फक्त रिलिव्हर आला नाही तर त्या दिवसाचे पैसे बिलातून कापायचे, ही अट या वेळी लेखी घातली आहे.