काम लेकीचं की आईचं? मुलींच्या प्राथमिक शाळेतल्या उपक्रमांचा रिव्ह्यू

नाशिकच्या सिडकोत माझं शिलाईचं दुकान आहे. प्रवेशाचे दिवस आले की मापं देता देता बायका विचारतातच, "ताई, तुमच्या मुली त्या मुलींच्या शाळेत ना? कशी आहे हो?" अभ्यासाबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही. पुस्तकं बालभारतीचीच, बाई मन लावून शिकवतात, झालं. या शाळेचं नाव निघतं ते उपक्रमांमुळे, म्हणून त्यांच्यावरच लिहिते. शाळेचं नाव मात्र इथे टाकणार नाही. मोठी चौथी करून बाहेर पडली असली तरी धाकटी अजून तिसरीत आहे आणि मला थोडं तिखटही लिहायचंय. मराठी माध्यम, पहिली ते चौथी, फक्त मुली, एवढं पुरे.

शाळेच्या उपक्रमाला मी एकच टेप लावते : काम मुलीनं केलं की तिच्या आईनं?

त्या हिशेबानं बालआनंद मेळावा सगळ्यात वर. चौथीच्या मुली मैदानात बाकं मांडून खाऊचे स्टॉल लावतात. शेगडी चालत नाही, कांदा-कोथिंबीर घरून चिरून आणायची, आणि आईनं बाकाच्या मागे यायचं नाही. मोठीच्या गटानं भेळ ठेवली होती, १० रुपयांना द्रोण. मैत्रिणींना खूश करायच्या नादात पोरींनी सुरुवातीचे द्रोण असे गच्च भरले की फरसाण आधी संपलं आणि मुरमुऱ्यांची पिशवी अर्धी तशीच. मग शेजारच्या चिवडेवालीकडून शेव उसनी आणली. माझे हात नुसते शिवशिवत होते, पण वर्गबाई आम्हा आयांनाच मागे रेटत होत्या. "अहो ताई, बिघडू द्या ना जरा!"

शेवटी गल्ला मोजला तर ६४० रुपये. पोरी उड्याच मारायला लागल्या. बाईंनी फळ्यावर सामानाची यादी लिहायला लावली : मुरमुरे, फरसाण, चिंच-गूळ, कांदे, द्रोण, आणि हो, उसनी शेव. वजा करत करत उरले ११०. पाच जणींत वाटले तर २२-२२. माझी पोर तोंड पाडून घरी आली. रात्री जेवताना एकदम म्हणाली, "आई, तू ब्लाउजचे ३०० घेतेस, त्यात अस्तराचे पैसे वजा करतेस का?" म्हटलं, अस्तराचे करते, दोऱ्याचे आणि लाइटबिलाचे राहून जातात. तेव्हापासून माझ्या वहीत दोऱ्याची रिळं वेगळी लिहिली जातात, आणि लिहिते ती.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे गंगाघाटाची फेरी. गोदावरीला आपण नाशिककर गंगाच म्हणतो, आणि पूर किती आला हे आकड्यात कोण सांगतं? पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं. चौथीच्या मुलींना आधी घरातल्या मोठ्यांकडून पुराच्या आठवणी लिहून आणायला सांगितल्या. माझ्या सासूबाईंनी २००८ चा पूर सांगितला, कोणाच्या काकांनी २०१६ चा, कोणी २०१९ चा. मग त्या वह्या घेऊन वर्ग घाटावर गेला. मारुतीसमोर उभं राहून एकेकीनं आपल्या घरची आठवण वाचायची आणि पाणी कुठवर होतं ते बोटानं दाखवायचं. दोघींच्या आजोबांचं जमेना. एक म्हणे एका वर्षी मारुती पूर्ण बुडला होता, दुसरी म्हणे त्याच वर्षी डोकं दिसत होतं. बाईंनी निकाल दिला नाही, दोन्ही लिहून घ्या म्हणाल्या. वर गंगापूर धरणातून पाणी सोडलं की खाली घाटावर काय होतं, हे माझ्या लेकीला त्या दिवसापासून पक्कं ठाऊक आहे. पावसाळ्यात पेपर आला की "आज विसर्ग किती?" म्हणून आधी तीच बघते.

सहल नांदूरमध्यमेश्वरला होती. गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी, निफाड तालुक्यात, २०२० साली रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जाहीर झालेली महाराष्ट्रातली पहिली जागा. दुर्बिणी मोजक्याच, त्यामुळे ढकलाढकली झाली, पण चमचा पक्षी सगळ्यांनी पाहिला. वॉटर पार्कच्या सहलींपेक्षा हे बरं. डबा घरचा, खर्च फक्त बसचा.

नवरात्रातला भोंडला म्हणजे इथली मजा. मधल्या पाटावर हत्ती, भोवती सगळ्या वर्गांच्या मुली, आणि शाळेत शिपाईकाका सोडले तर पुरुष कोणी नाही, त्यामुळे बाईही पदर खोचून फेर धरतात. खिरापत ओळखायचा कार्यक्रम तर अर्धा तास चालतो. डबा कानाशी हलवायचा, आवाजावरून ओळखायचं. धाकटीबरोबर मी मुद्दाम तिखटमिठाच्या पुऱ्या फडक्यात बांधून दिल्या. आवाजच नाही! लाडू, वडी, शिरा, ढोकळा, सगळं म्हणून झालं, शेवटी मोठ्या बाईंनी हात टेकले. धाकटी आठवडाभर हवेत होती.

बुलबुल पथकही आहे, म्हणजे स्काउट-गाइडमधलं छोट्या मुलींचं. गाठी शिकवतात, छान शिकवतात. फक्त माझ्या दुकानातल्या परकरांच्या नाड्यांना रीफ नॉट मारून ठेवू नका, एवढं त्यांनी मुलींना सांगावं.

आता ३ जानेवारी. सावित्रीबाईंची जयंती, बालिका दिन. डिसेंबर संपता संपता माझ्याकडे आठ वर्षांच्या मुलींच्या शिवलेल्या नऊवारीची रांग लागते. मला चार पैसे मिळतात, नाही म्हणत नाही. पण शाळाभर मोठ्ठं कुंकू लावलेल्या सावित्रीबाई, एकच पाठ केलेलं भाषण, फोटो, आणि दुपारपर्यंत निऱ्या सुटून पायात. गेल्या वर्षी नव्या वर्गबाईंनी वेगळंच केलं. वेशभूषा ऐच्छिक ठेवली आणि चौथीतल्या मुलींना दुसरीचा एकेक तास दिला. माझ्या मोठीला हातच्याची बेरीज शिकवायची होती. आदल्या रात्री ती उशांना समोर बसवून शिकवत होती. शाळेत एका दुसरीतल्या पोरीनं विचारलं, "हातचा वर का लिहायचा, खाली का नाही?" आणि हिची बोलती बंद. भिडेवाड्यात १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली हे तिला भाषणातून पाठ होतंच. शिकवताना घाम कसा फुटतो ते त्या दिवशी कळलं. हा उपक्रम पुढेही चालू ठेवा म्हणून मी पालकसभेत दोनदा बोलले आहे. यंदाचं अजून ठरलेलं नाही.

आणि स्नेहसंमेलन. इथे माझं डोकं फिरतं. चार मिनिटांचा नाच, त्यासाठी महिनाभर शेवटचे दोन तास बुडाले. ड्रेपरी बाहेरून भाड्यानं, माणशी ४५० रुपये, आणि आली काय? बगलेत उसवलेली, कमरेत दोन मुली मावतील एवढी ढगळ, सेफ्टी पिनांनी आवळलेली. माझ्या मुलीच्या कमरेवर पिन लागून ओरखडा उठला. तेवढ्या पैशात कापड आणून मी शिवून दिलं असतं आणि ते पुढे वापरताही आलं असतं. तसं सांगितलं तर "सगळ्यांचं एकसारखं दिसायला हवं" हे उत्तर. मुलींना मेकअप करून दुपारी दोनला बसवलं, नंबर आला संध्याकाळी सातनंतर. पाहुण्यांची भाषणं तोवर चालूच. ज्यांना ४५० जड गेले त्या मुली "आजारी" पडल्या, हे सगळ्यांना दिसतं, बोलत कोणी नाही.

दुसरी तक्रार ग्रुपवरच्या सूचनांची. रात्री साडेनऊला मेसेज : "उद्या भाजीपाला दिन, मुलींनी भाजी बनून यावे." त्या वेळी हिरवा कागद कुठून आणायचा? मी आपली अस्तराच्या तुकड्यांतून मिरची शिवते. ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांच्या घरी रडारड. माता-पालक संघाच्या सभा सकाळी अकराला, म्हणजे नोकरीवाल्या आणि धुणीभांडी करणाऱ्या दोघींनाही जमू नये अशी वेळ. बाबालोक तर फोटोपुरते. एक रिक्षावाले दादा तेवढे सहलीला आले आणि बसमध्ये उलट्या झालेल्या तीन पोरींना त्यांनीच सांभाळलं.

मैदान छोटं, माध्यमिकच्या मुलींबरोबर वाटून घ्यावं लागतं. लंगडी, खो-खो होतं, पण प्राथमिकच्या वाट्याला उन्हाची वेळ येते. स्वच्छतागृहं मात्र मी स्वतः जाऊन पाहिली आहेत : नळाला पाणी आहे, कड्या लागतात. मुलींच्या शाळेत आधी हे बघावं, मग बाकीचं.

पाचपैकी साडेतीन देईन. स्नेहसंमेलन वगळलं तर साडेचार.

प्रवेशाआधी शाळा बघायची असेल तर ऑफिसात माहितीपत्रक मागण्यापेक्षा मेळाव्याच्या दिवशी जा, बाहेरच्यांनाही सोडतात. साधारण नाताळच्या सुट्टीच्या आगेमागे असतो. जाताना १०-१०च्या नोटा न्या. पोरींकडे सुटे नसतात, आणि १०० ची नोट दिलीत तर त्या पुढच्या स्टॉलवर मोड आणायला पळतात आणि तिकडेच पाणीपुरी खात बसतात.