वीक्वेचा फर्स्ट शॉट, ग्रेडिंगची डबी आणि न दिसणारी पोटरी

ग्रेडिंगवाल्यांशी, म्हणजे फी घेऊन जुनं खेळणं तपासून, गुणांचा आकडा देऊन सीलबंद डबीत घालणाऱ्यांशी, चाललेला पत्रव्यवहार अखेर संपला आणि निकाल माझ्या विरुद्ध गेला. म्हणून लिहायला बसलो. केनर या अमेरिकन खेळणी कंपनीच्या जुन्या स्टार वॉर्स फिगर (छोट्या बाहुल्या) जमवणाऱ्यांना पावणेचार इंच, पाच सांधे, १९७८ ते १९८५ हे नव्याने सांगायची गरज नाही, त्यामुळे थेट वस्तूकडे येतो.

माझ्याकडे 'वीक्वे'चा फर्स्ट शॉट, म्हणजे नव्या मोल्डमधून निघालेला चाचणीचा पीस आहे. स्टार वॉर्समधल्या जबा या खलनायकाच्या नावेवरचा सुरकुतलेल्या चेहऱ्याचा पहारेकरी, १९८३ ची फिगर. दुकानात विकला गेलेला वीक्वे आजही सुटा घेतला तर किरकोळ पैशांत मिळतो, त्याच्या मागे कुणी धावत नाही. माझा मात्र रंगकाम न झालेला आहे: धड करडं-हिरवं, पाय पिवळट, डोकं तिसऱ्याच रंगाचं. मशीनवर त्या दिवशी जे प्लॅस्टिक होतं ते ओतलेलं. किंमत आमच्या एका महिन्याच्या घरभाड्याइतकी पडली. घरात यावर चर्चा झाली आणि ती लांबली, एवढं सांगतो.

तरी घेतला, कारण मी भोसरीतल्या टूलरूममध्ये, म्हणजे मोल्ड बनवण्याच्या कारखान्यात शिकलो. नवा मोल्ड मशीनवर चढवून पहिली टी-झिरो ट्रायल घेतात, तेव्हा खोलीत कुणी बोलत नाही. पहिला पीस हातात आला की फ्लॅश (कडेने बाहेर आलेलं प्लॅस्टिक) कुठे आलाय, सिंक मार्क (खळगा) पडलाय का, पार्टिंग लाइन (मोल्डच्या दोन भागांची जोडरेघ) जुळते का, हे सगळे मान वाकवून बघतात. खेळण्यांच्या जगात त्याच पीसला फर्स्ट शॉट म्हणतात. आमच्याकडे तो तपासून झाला की भंगारात जायचा. इथे त्याला चाळीस वर्षांनी गिऱ्हाईक आहे, आणि मला ते मनापासून योग्य वाटतं. रंगवलेल्या, पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या फिगरमध्ये कारागिराचं काम झाकलं जातं. फर्स्ट शॉटमध्ये ते उघडं असतं.

केनरचं काम अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात व्हाइन स्ट्रीटवरच्या क्रोगर इमारतीतून चालायचं. आता मी याच शहरात राहतो. सिनसिनाटी मिलॅक्रॉनची इंजेक्शन मोल्डिंग मशीनं ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना या गावाचं नाव वेगळ्या कारणाने ओळखीचं असेल. मूळ शिल्प मेणात व्हायचं, त्यावरून सिलिकॉनचा साचा, त्यातून युरेथेनची हार्डकॉपी. ही हार्डकॉपी विक्रीच्या फिगरपेक्षा किंचित मोठी असते, कारण प्लॅस्टिक गार होताना आक्रसतं आणि तेवढी वाढ आधीच धरलेली असते. मग पूर्व आशियात पोलादी मोल्ड बनायचा आणि त्यातून फर्स्ट शॉट निघायचे. १९९१ मध्ये हॅस्ब्रो या खेळणी कंपनीने टोंका ही दुसरी कंपनी घेतली, तिच्याबरोबर तिच्या मालकीची केनरही गेली, आणि २००० मध्ये सिनसिनाटीचं कार्यालय बंद झालं. जुन्या कर्मचाऱ्यांच्या कपाटांतून हा माल हळूहळू बाहेर आला. माझ्या वीक्वेबरोबर अशाच एका घरातली चिठ्ठी आहे.

आता मुद्दा पोटरीचा.

विक्रीच्या फिगरच्या पायामागे बारीक अक्षरांत कॉपीराइट, साल आणि देशाचं नाव असतं. फर्स्ट शॉटवर बऱ्याचदा ही अक्षरं नसतात, कारण ती मोल्डमध्ये कोरण्याआधीच ट्रायल घेतलेली असते. माझ्या वीक्वेची पोटरी पूर्ण कोरी आहे. भिंगाखाली बघितली तर अक्षरं घासून काढल्याची एकही रेघ नाही, पोलादाचा पोत जसाच्या तसा उतरलाय. या वस्तूचा सातबारा तोच. नुसता वेगळा रंग काहीच सिद्ध करत नाही. फनस्कूलचे जी. आय. जो आठवून बघा: हॅस्ब्रोच्या मोल्डमधून आपल्याकडे निघालेले, आणि अमेरिकेत कधी न दिसलेल्या रंगांत राजरोस दुकानात विकले गेलेले. तसलाच एखादा पीस 'प्रोटोटाइप' म्हणून गळ्यात मारणारे आहेत. कोरी पोटरी, गेटची खूण (जिथून प्लॅस्टिक मोल्डमध्ये शिरतं ती), सांध्यांची बसणी आणि व्हर्नियरची मापं एकत्र बघावी लागतात. विक्रीच्या फिगरवरून साचा घेऊन ओतलेली नक्कल बहुधा किंचित लहान भरते. माझा पीस विक्रीच्या वीक्वेशी खांद्यात, कमरेत, पायात जुळला, तेव्हाच मी पैसे पाठवले.

नंतर तो ग्रेडिंगला दिला. पुढे विकायची वेळ आली तर कागद असावा, एवढाच हेतू. फी, जाता-येताचं टपाल, विमा असं सगळं मिळून चांगली रक्कम झाली. बऱ्याच महिन्यांनी वीक्वे परत आला, जाड ॲक्रिलिकच्या सीलबंद डबीत, आकड्यासकट. आणि आत त्याला उभं धरणारी आडवी पट्टी नेमकी पोटरीवर. दोन्ही पायांच्या मागे, जिथे अक्षरं असायला हवीत आणि नाहीत, बरोबर तिथे. डबी कुठूनही फिरवा, उजेडात धरा, ती जागा दिसत नाही. लेबलवर फर्स्ट शॉट लिहिलंय, पण तो फर्स्ट शॉट का आहे हे डोळ्यांनी बघायची सोय त्यांनीच बंद केली. चिठ्ठीचा लेबलवर उल्लेखही नाही.

मी लिहिलं: पट्टी कमरेवर घ्या. उत्तर आलं की आतला साचा ठरलेला आहे. मी स्केच काढून, मापं टाकून पाठवलं. उत्तर आलं की पुन्हा डबीत घालायचं तर पुन्हा फी, पुन्हा टपाल, पुन्हा विमा. चूक त्यांच्या रचनेतली आणि भुर्दंड माझ्या खिशाला! हे मला तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही. पट्टी दोन सेंटिमीटर वर सरकवणं हे कुठल्याही टूलरूममध्ये एका दुपारचं काम आहे.

इथपर्यंतचा मजकूर मी उन्हाळ्याआधी लिहून ठेवला होता आणि शेवटी 'ग्रेडिंग अजिबात करू नका' असं ठासून लिहिलं होतं. ते वाक्य आता काढतोय. दोन कारणं. एक, आमची बैठकीची खोली पश्चिमेची, दुपारभर ऊन. शेजारी उघड्यावर ठेवलेला पांढरा स्टॉर्मट्रूपर या उन्हाळ्यात हाताच्या बाजूने स्पष्ट पिवळा पडला, डबीतल्या वीक्वेचा रंग जुन्या फोटोंशी ताडून बघितला तर जसाच्या तसा. अतिनील किरण अडवणारं ॲक्रिलिक काम करतं, हे मान्य करायला हवं. दुसरं, पुठ्ठ्यावरच्या फिगरसाठी ही डबी खरंच चांगली आहे. पुठ्ठ्याच्या कडा, बुडबुडा, किंमतीचं स्टिकर सगळं सुरक्षित राहतं आणि लपत काहीच नाही. माझी तक्रार सुट्या प्रोटोटाइपपुरती आहे, पण तेवढ्यापुरती ती पक्की आहे.

मग उन्हाळा संपता संपता पट्टीच्या कडेला पायावर ओलसर चकाकी दिसू लागली. जुन्या फिगरचे हातपाय बऱ्याचदा मऊ पीव्हीसीचे असतात. पीव्हीसीतलं प्लॅस्टिसायझर (ते मऊ ठेवणारं द्रव्य) वर्षानुवर्षं बाहेर येत राहतं, आणि बंद जागेत ते तिथल्या तिथे साचतं. मी त्यांना फोटो पाठवला, उत्तर आलं की हमी फक्त डबीची आहे, आतल्या वस्तूची नाही. त्या दिवशी मी बारीक करवतीने डबीची शिवण कापली. आकडा गेला, पुनर्विक्रीत मिळाले असते ते जास्तीचे पैसे गेले. साबणाच्या कोमट पाण्याने पाय पुसले, वाळवले, भिंग घेतलं. पोटरी शाबूत आहे, पोलादाचा पोत तसाच आहे. त्या संध्याकाळी मी बराच वेळ ती बघत बसलो होतो आणि मला फार बरं वाटलं.

या छंदात पैसा किती आहे हे स्टार वॉर्समधल्या बोबा फेटच्या, पाठीवरून रॉकेट उडवणाऱ्या फिगरमुळे सगळ्यांना ठाऊक झालंय. १९७९ ची टपालाने मागवायची योजना, मग मॅटेलच्या गॅलॅक्टिका खेळण्यातल्या क्षेपणास्त्राने झालेला अपघात, आणि केनरने रॉकेट चिकटवून टाकून पाठवलेली फिगर. उडणाऱ्या रॉकेटचे ट्रायल पीस तेवढे मागे राहिले. त्यातल्या एकाला २०२४ मध्ये हेरिटेजच्या लिलावात ५,२५,००० डॉलर मिळाले. पण त्या फेटचीही ओळख पाठीवरच्या खाचेवरून होते, इंग्रजी एल आकाराची की जे आकाराची. ती खाच झाकणारी डबी त्या मालकांनी एक दिवस तरी चालवून घेतली असती का? मग वीक्वेच्या मालकाने का घ्यावी?

सध्याची व्यवस्था: पॉलिप्रॉपिलीनची पिशवी, आम्लरहित पुठ्ठ्याची पेटी, उन्हापासून दूरच्या कपाटात. पॉलिस्टायरीनचे स्वस्त पारदर्शक डबे वापरू नका, पीव्हीसीच्या पायांशी चिकटून ते विरघळल्यासारखे होतात आणि फिगरही खराब करतात. पिशवी आणि पेटी मिळून जो खर्च आला तो ग्रेडिंगच्या एका बाजूच्या टपालापेक्षा कमी आहे. चिठ्ठीची प्रत पेटीत आहे, मूळ वेगळी. विकत घेणाऱ्याला दाखवायला पोटरीचे भिंगातून काढलेले फोटो आणि व्हर्नियरची मापं एका कागदावर लिहून ठेवली आहेत.

फिगरला पाच पैकी पाच तारे. डबीला पुठ्ठ्यावरच्या मालासाठी चार, सुट्या फर्स्ट शॉटसाठी एक. सुटा पीस पाठवायचाच असेल तर आधी त्यांच्याकडून आतल्या पट्टीची जागा लेखी मागून घ्या, आणि ती पायावर येत असेल तर पाठवू नका.