सोलापुरात घर बांधताना: हिरव्या लेपाची सळई की साधी टीएमटी?

घराचं काम निघालं की हल्ली दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, गंजाची कटकट नको असेल तर कारखान्यातून इपॉक्सीचा हिरवा लेप चढवून आलेली सळई घ्या. दुसरा म्हणतो, साधी, म्हणजे लेप नसलेली एफई ५००डी ग्रेडची टीएमटी सळई घ्या आणि वाचलेला पैसा काँक्रीटवर घाला. आमच्या जुळे सोलापूरच्या घरात जमिनीतल्या हौदाला हिरवी आणि बाकी सगळीकडे साधी सळई आहे, त्यामुळे दोन्हींचा अनुभव गाठीशी आहे.

आधी आपल्याकडे गंज येतो कुठून ते बघू. समुद्र अडीचशे किलोमीटरहून लांब, म्हणजे कोकणासारखी खारी हवा इथे नाही. क्लोराइड, म्हणजे मिठातला सळई गंजवणारा घटक, येतं ते बहुतेक बांधकामाच्या पाण्यातून. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे आरसीसीच्या, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या, पाण्यात ते लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं. बादलीला पांढरे डाग पडतात म्हणून बोअरचं पाणी सळईला वाईट, असं धरून चालू नका. ते डाग जडपणाचे, सळईला खातं ते क्लोराइड. बाटलीभर पाणी लॅबमध्ये देऊन तपासून घ्या.

दुसरं कारण कार्बोनेशन. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरत जातो, काँक्रीटचा अल्कलीपणा उतरतो आणि सळईचं संरक्षण जातं. तरी आपल्या कोरड्या हवेत खोलीचा स्लॅब ओल नसल्यामुळे वर्षानुवर्षं तग धरतो. पोपडे सुटतात ते न्हाणीखाली, छज्जाला, गच्ची गळते तिथे आणि टाकीला. पाणी काही दिवसांआड येत असल्यामुळे घरोघरी हौद आणि वर टाकी आहेच, म्हणजे ओलीच्या जागाही जास्त.

हिरव्या सळईची कल्पना चांगली आहे, यात शंका नाही. लेप अखंड असेल तर क्लोराइड लोखंडाला शिवत नाही. पण तो अखंड ठेवणं ही आपल्याकडच्या साइटवर मोठी डोकेदुखी आहे, आणि माझा निर्णय तिथेच झाला. माल ट्रकमधून ओढून उतरवला तेव्हाच जागोजाग ओरखडे आले. मग कॉलम-बीमच्या रिंगा वाकवताना कोपऱ्याच्या बाहेरच्या अंगाला बारीक चिरा. कापलेली टोकं उघडी. सळया बांधायची बाइंडिंग वायर प्लास्टिकचा लेप असलेली हवी होती, आली साधी. तिचा पीळ आवळला की तिथला लेप निघतो. डागडुजीचा रंग सोबत आला होता, पण प्रत्येक ओरखडा शोधून तो लावणार कोण? फिटर सरळ म्हणाला, "साहेब, हे असं जपत बसलं तर काम पुढं सरकत नाही बघा." त्याचंही खरं होतं, त्याला मजुरी टनावर मिळते. शिवाय हा लेप उन्हाने खराब होतो, म्हणजे माल ताडपत्रीखाली ठेवायचा. लेपामुळे काँक्रीटची पकड थोडी कमी होते, म्हणून जोडावर सळई जास्त लांब घ्यावी लागते. ओरखड्यापाशी क्लोराइड पोहोचलं की गंज लेपाच्या आतून सरकत जातो आणि वरून कळत नाही. फ्लोरिडातल्या समुद्रावरच्या पुलांच्या खांबांत अशा सळया काही वर्षांतच गंजल्याचं १९८० च्या दशकात उघड झालं. आपली परिस्थिती तितकी वाईट नाही, तरी तो दाखला विसरता येत नाही.

साध्या सळईचं सगळं कव्हरवर, म्हणजे सळईबाहेरच्या काँक्रीटच्या थरावर, अवलंबून आहे. स्लॅबला २० मिमी, कॉलमला ४० मिमी. कार्बोनेशन साधारण काळाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने आत सरकतं, म्हणजे २० मिमीच्या जागी १० मिमी कव्हर राहिलं तर सळईपर्यंत पोहोचायला निम्मा नाही, जेमतेम चौथाई वेळ लागतो. म्हणून खडी किंवा फरशीचा तुकडा सळईखाली सरकवून चालत नाही. त्याच ग्रेडच्या काँक्रीटचे ब्लॉक हवेत. ओतताना माणसं जाळीवरून चालतात, ब्लॉक निसटतात, म्हणून एक माणूस तेवढ्यासाठीच उभा केला होता. छज्जाची मुख्य सळई वरच्या अंगाला असते, तीही दबू देऊ नका.

मग क्युरिंग. म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं. आपल्याकडे बहुतेक पीपीसी सिमेंटच येतं, त्यात फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची राख, मिसळलेली असते. नीट पाणी मिळालं तर हे सिमेंट क्लोराइडला चांगलं अडवतं, नाही मिळालं तर वरचे दोन-तीन सेंटिमीटर, म्हणजे नेमकं कव्हरच, कच्चं राहतं. आयएस ४५६ उष्ण कोरड्या हवेत किमान १० दिवस आणि मिश्र सिमेंटला १४ दिवसांपर्यंत पाणी सुचवतं. एप्रिल-मेच्या ४० अंशांपुढच्या उन्हात सकाळ-संध्याकाळ पाइप मारणं म्हणजे क्युरिंग नव्हे. स्लॅबवर आळी बांधा, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळा. ठेकेदार सात दिवसांत सेंटरिंगसोबत पाणीही बंद करायला बघतो, तिथे जरा अडून बसावं लागतं.

इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो. कापून-वाकवून झाल्यावर लेप चढवलेला माल मिळत असेल, इंजिनिअर रोज साइटवर असेल आणि जमिनीत क्षार जास्त असतील, तर पायाला आणि हौदाला हिरवी सळई विचारात घ्यायला हरकत नाही. पण तशा वेळी त्या भागात सगळीच हिरवी घ्या. हिरवी आणि साधी एकमेकींना चिकटून असली तर साधीच्या जोरावर ओरखड्याची जागा जास्तच वेगाने खाल्ली जाते.

राहत्या घराला मात्र मी पुन्हा साधीच घेईन. वाचलेल्या पैशात तपासलेल्या पाण्याचे टँकर, ब्लॉक आणि दोन आठवडे पाणी मारणारा माणूस बसतो.