पाचवी ते आठवीचं हेडपद घेताय? मुंबईतले तीन रस्ते शेजारी ठेवून बघूया

हे लिहितेय ते अशा शिक्षकांसाठी, ज्यांच्यासमोर सध्या हेडपदाची ऑफर आहे किंवा सिनियॉरिटीने नंबर लागलाय आणि हो म्हणायचं की नाही हे ठरत नाहीये. त्यातही ज्यांना खरंच वाटतं की आपल्या शाळेतली, घरात बारावीच्या पुढे कुणीच न गेलेली मुलं कॉलेज पूर्ण करून बाहेर पडावीत, त्यांच्यासाठी.

आपल्याकडे 'मिडल स्कूल' अशी वेगळी पाटी क्वचितच दिसते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (एनईपी २०२०) सहावी ते आठवीला मिडल स्टेज म्हटलंय खरं, पण मुंबईत प्रत्यक्षात तीन प्रकार समोर येतात. एक म्हणजे ट्रस्टची जुनी अनुदानित मराठी शाळा, पाचवी ते दहावी. दुसरा, महापालिकेची शाळा जी एखादी सामाजिक संस्था भागीदारीत चालवते, बहुतेक इंग्रजी माध्यम. आणि तिसरा, खासगी विनाअनुदानित सीबीएसई शाळा, जिथे हल्ली सहावीपासूनच 'फाउंडेशन', म्हणजे जेईईसारख्या प्रवेश परीक्षांची आगाऊ तयारी, चालू करतात.

माझं मत आधीच सांगून टाकते. पगार, बिल्डिंग, पाटी हे सगळं नंतर बघा. आधी दोनच गोष्टी बघा, एक म्हणजे तुमच्या हाताखालचे शिक्षक कोण निवडतं, आणि दुसरी, आठवी पास झालेलं मूल पुढची चार-पाच वर्षं कुणाच्या नजरेत असतं. यातली दुसरी जास्त महत्त्वाची आणि तीच इंटरव्ह्यूला कुणी विचारत नाही.

का ते सांगते. अमेरिकेत किप नावाची शाळांची साखळी आहे, १९९४ मध्ये ह्यूस्टनला दोन तरुण शिक्षकांनी पाचवीच्या वर्गापासून सुरू केली, गरीब वस्तीतली मुलं, जास्त तास, शनिवारीही शाळा, आणि पहिल्या दिवसापासून कॉलेज कॉलेज कॉलेज. २०११ मध्ये त्यांनी स्वतःच हिशोब मांडला तेव्हा अगदी सुरुवातीच्या बॅचेसमधल्या ३३ टक्के मुलांनी चार वर्षांची डिग्री पूर्ण केली होती. तिथल्या गरीब घरातल्या मुलांच्या मानाने हा आकडा कितीतरी चांगला होता, तरी त्यांनी सरळ मान्य केलं की हे पुरेसं नाही, आणि मुलांना हायस्कूल-कॉलेजभर सोबत करणाऱ्या माणसांवर जोर दिला. म्हणजे इतकी मेहनत घेणाऱ्यांनाही आठवीनंतर हात सोडून चालत नाही हे कळलं, मग आपल्याकडे मुलाच्या हातात दाखला दिला की काम संपलं असं कसं चालेल?

आता शिक्षकांचं बघू.

अनुदानित शाळेत हेडपद १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी (एमईपीएस) कायद्याखाली, म्हणजे मुख्यतः सेवाज्येष्ठतेने येतं, आणि शिक्षक तुम्ही निवडत नाही, पवित्र पोर्टल (सरकारची ऑनलाइन शिक्षकभरती), संचमान्यता (पटावरून ठरणारी शिक्षकांची मंजूर पदं) आणि अतिरिक्त शिक्षकांचं दुसऱ्या शाळांत समायोजन यातून जे येतील ते आपले. पट घसरला की पद जातं, आणि दादर-परळ-गिरगावात मराठी शाळांचा पट कसा घसरलाय ते वेगळं सांगायला नको. त्यात आधार जुळलेली मुलंच संचमान्यतेत धरतात त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये मोठ्या बाई वर्गात कमी आणि क्लार्कच्या शेजारी कॉम्प्युटरपुढे जास्त. शिवाय बीएलओची, म्हणजे मतदारयादीच्या कामाची ड्युटी लागली की दोन-तीन शिक्षक गेलेच, मग ऑफ तास आणि प्रॉक्सी. पण एक गोष्ट या शाळांच्या बाजूने जाते, शिक्षक टिकतात. वीस-वीस वर्षं एकाच शाळेत असलेला गणिताचा शिक्षक, जो मुलाच्या वडिलांनाही शिकवून बसलाय, त्याचा शब्द त्या चाळीत चालतो. हे कुठल्याही ट्रेनिंगने मिळत नाही.

संस्थेने चालवलेल्या महापालिका शाळेत उलटं. शिक्षक संस्था निवडते, बहुतेक ठिकाणी प्रिन्सिपल इंटरव्ह्यूला बसतो, वर्गात जाऊन निरीक्षण, मग बसून बोलणं हे वेळापत्रकातच असतं. शिक्षक तरुण, उत्साही. पण दोन-तीन वर्षांत बरेच जण पुढच्या शिक्षणाला किंवा दुसऱ्या नोकरीला जातात आणि तुम्ही दर जूनला पहिल्यापासून सुरू करता. मुंबईत काही वर्षं महापालिकेबरोबर अशा शाळा चालवणाऱ्या संस्था आहेत, आकांक्षा, मुक्तांगण ही नावं तुम्हाला माहीत असतील, त्यांच्या शाळेत एक दिवस बसून बघा म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल.

सीबीएसईत शिक्षक मॅनेजमेंट निवडतं, तुमचं मत विचारतात, पण फीचा आणि पगाराचा हिशोब ट्रस्टीकडे असतो. चांगला शिक्षक तुम्हाला आवडला तरी पगारावरून निघून जातो.

एक उदाहरण घेऊ म्हणजे फरक नीट दिसेल. सातवीच्या वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाची वही उघडा. एक छेद दोन अधिक एक छेद तीन, उत्तर लिहिलंय दोन छेद पाच. वर-वरचे मिळवले, खाल-खालचे मिळवले. शेजारच्या मुलाच्या वहीत बरोबर, पाच छेद सहा, पण त्याला अर्ध्या चपातीत एक तृतीयांश चपाती मिळवली तर उत्तर दोन छेद पाच, म्हणजे अर्ध्यापेक्षा कमी कसं येईल असं विचारा, तो गप्प. हे दोघेही अकरावीला सायन्स घेतील आणि दिवाळीपर्यंत फिजिक्समध्ये अडकतील, कारण तिथे प्रत्येक सूत्रात हेच गुणोत्तर बसलेलं असतं. कॉलेजची तयारी म्हणतात ती हीच, सातवीच्या वहीतली. अनुदानित शाळेत हे सुधारायचं तर त्या ज्येष्ठ शिक्षकाशी चहा पिता पिता, मान राखून, कदाचित अख्खं वर्ष बोलत राहावं लागतं, पण एकदा त्याला पटलं की पुढची दहा वर्षं प्रत्येक बॅचला फायदा. संस्थेच्या शाळेत दुसऱ्याच आठवड्यात बदल दिसतो, पण शिक्षक बदलला की परत तेच. आणि फाउंडेशनवाल्या शाळेत त्या तासाला मुलं नववीचं चॅप्टर सोडवत असतात, अपूर्णांक कच्चे आहेत हे बघायला वेळच नाही.

या तिसऱ्या पर्यायाबद्दल मी स्पष्टच बोलते, अकरा वर्षांच्या मुलाला जेईईच्या नावाने बसवणं मला पटत नाही. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कोचिंग सेंटरने सोळा वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये असं म्हटलंय, मग तेच काम शाळेच्या वेळापत्रकात घुसवायचं हे कुठल्या शिक्षणात बसतं? सगळ्या सीबीएसई शाळा अशा नाहीत, काही ठिकाणी लायब्ररी, लॅब, काउन्सेलर इतकं छान असतं की अनुदानित शाळेतल्या माणसाला हेवा वाटावा. पण ऑफर घेण्याआधी सहावी ते आठवीचं खरं वेळापत्रक मागून घ्या, ब्रोशर नाही, वर्गाच्या दारावर चिकटवलेलं.

आणि तिथे अजून एक गोष्ट आहे जी मला फार लागते. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांमधून आलेली मुलं. कायदा आठवीपर्यंतच, म्हणजे नववीला पूर्ण फी. आठ-नऊ वर्षं त्याच शाळेत वाढलेलं मूल, आणि आठवीच्या मार्चमध्ये आई प्रिन्सिपलच्या केबिनबाहेर बसलेली असते. तुम्ही प्रिन्सिपल म्हणून या मुलांसाठी काय करू शकता, फी माफीचा अधिकार तुम्हाला आहे का, ट्रस्टकडे त्यासाठी निधी आहे का, हे विचारायला लाजू नका.

आता आठवीनंतर.

महापालिकेच्या प्राथमिक शाळा आठवीपर्यंत, आणि माध्यमिक त्यामानाने बऱ्याच कमी. काही ठिकाणी भागीदारीतली शाळा दहावीपर्यंत वाढवलीये, तिथे प्रश्न सुटतो, पण जिथे नाही तिथे मुलं विखुरतात, कुणी रात्रशाळेत, कुणी घराजवळच्या स्वस्त खासगी शाळेत, कुणी गावाला. इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. एनएमएमएस ही स्कॉलरशिपची परीक्षा आठवीत होते, सरकारी, अनुदानित आणि स्थानिक संस्थांच्या शाळेतल्या मुलांसाठी, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. पण नववीला मूल विनाअनुदानित शाळेत गेलं की ती स्कॉलरशिप हातची जाते. म्हणजे आठवीच्या मुलाला नववीसाठी कुठली शाळा सुचवायची हा सल्ला ४८,००० रुपयांचा सल्ला आहे, आणि तो देणारं माणूस तुम्ही असता. विनाअनुदानित सीबीएसईतल्या मुलांना ही परीक्षा मुळातच देता येत नाही, तिथे गरजू मुलं असली तरी.

अनुदानित शाळेची इथे मोठी जमेची बाजू आहे. मुलं दहावीपर्यंत तुमच्याकडेच, आणि त्याच संस्थेचं ज्युनिअर कॉलेज त्याच आवारात असेल तर अकरावीला १० टक्के इनहाऊस कोटा, म्हणजे आपल्याच शाळेतल्या मुलांसाठी राखीव जागा. मुंबईत बऱ्याच जुन्या संस्थांचं शाळा ते कॉलेज असं सगळं आहे, पार्ले टिळक असोसिएशनची साठ्ये आणि डहाणूकर कॉलेजं घ्या. अशा संस्थेत हेड झालात तर पाचवीत आलेलं मूल पदवीपर्यंत एकाच संस्थेच्या नजरेत राहू शकतं, फक्त कुणीतरी ठरवून नजर ठेवायला हवी, आपोआप होत नाही.

सामाजिक संस्थेच्या शाळेत ती नजर ठेवायला माणूस असतो, माजी विद्यार्थ्यांसाठी वेगळी टीम, अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरून देणं, फोन करणं. गोवंडी-मानखुर्दच्या मुलीला रुईया कॉलेजला अॅडमिशन मिळते, पण हार्बरने कुर्ल्याला उतरून गाडी बदलून माटुंग्याला जायला घरचे एकटीला सोडत नाहीत, हे त्या टीमला माहीत असतं, आणि म्हणून सातवीतच शनिवारी मुलींना आणि त्यांच्या आयांना घेऊन तोच प्रवास करतात. हे काम अनुदानित शाळेतही करता येतं, खर्च फक्त तिकिटाचा. मला वाटतं तीन पर्यायांपैकी कुठेही गेलात तरी हे पहिल्याच वर्षी सुरू करावं.

कागदपत्रांचं काम तर सगळ्यात दुर्लक्षित. जनरल रजिस्टरमधलं नाव एक, जन्मदाखल्यात दुसरं, आधारवर तिसरं. जातीचा उल्लेख अर्धवट. शाळा सोडल्यावर ही दुरुस्ती फार अवघड होते, आणि बारावीनंतर प्रोफेशनल कोर्सला जात पडताळणी मागतात तेव्हा मूल धावपळ करत असतं. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना प्रोफेशनल कोर्सची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण त्यालाही कागद लागतातच. सातवीच्या पालकसभेत प्रगतिपुस्तक वाचून दाखवण्याऐवजी एक सभा फक्त याची घ्या. अनुदानित शाळेचा अनुभवी क्लार्क यात सोन्यासारखा असतो, नवीन शाळांमध्ये हे ज्ञान असलेला माणूस शोधावा लागतो.

भाषेबद्दल थोडक्यात. मराठी शाळेत सेमी इंग्रजी नीट चालत असेल तर कॉलेजला मूल मागे पडत नाही, जेईई मेन आणि नीट मराठीतूनही देता येते. घाबरून पूर्ण इंग्रजी करायच्या मागे लागू नका. सहावीची होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा मात्र जरूर करा, तिन्ही प्रकारच्या शाळांत, मार्कांसाठी नाही, प्रॅक्टिकल आणि प्रोजेक्टसाठी.

पैशाचं: अनुदानितमध्ये पगार सरकारच्या शालार्थ या ऑनलाइन प्रणालीतून, नियमाने, अठ्ठावन्नला निवृत्ती, १ नोव्हेंबर २००५ ला किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही हे धरून चाला. सामाजिक संस्थेत करार असतो, निधी देणारा बदलला की धाकधूक. सीबीएसईत आकडा मोठा दिसतो, पण नोटीस पीरियड नीट वाचा.

मग कुणी काय घ्यावं? पस्तिशी-चाळिशीत असाल, वर्गात रमत असाल आणि हेडगिरी शिकायची असेल तर सामाजिक संस्थेची शाळा, तीही दहावीपर्यंत असलेली. त्या संस्थेला विचारा, पाच वर्षांपूर्वी आठवी झालेली मुलं आज कुठे आहेत? यादी समोर ठेवली तर बिनधास्त जा, नुसते फोटो दाखवले तर थांबा. सेवाज्येष्ठता तुमच्याकडे असेल आणि हातात सात-आठ वर्षं उरली असतील तर अनुदानित शाळा सोडू नका, मुख्याध्यापकाच्या खुर्चीत पाचवी ते दहावी अशी सलग सहा वर्षं मूल मिळतं, एवढा वेळ बाकी कुठे मिळत नाही. पर्यवेक्षकाला पोर्टलची कामं वाटून द्या आणि रोज एक तास स्वतः शिकवा, शक्यतो सातवीचं गणित. सीबीएसई घ्या, पण फाउंडेशनचा करार नसेल आणि आठवीनंतरच्या आरटीई मुलांबद्दल ट्रस्टी लेखी काही द्यायला तयार असतील तरच.

आणि बढतीने हेड होणार असाल तर टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं आधी बघून घ्या. सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात पहिली ते आठवीच्या शिक्षकांना बढतीसाठीही ती लागेल असं म्हटलंय, अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा तेवढा मोठ्या बेंचकडे पाठवलाय. त्यामुळे होकार कळवण्याआधी संस्थेच्या कार्यालयात आणि आपल्या विभागाच्या शिक्षण निरीक्षकांकडे तुमच्या पदाला काय लागू होतं ते विचारून लेखी घ्या.