ऊर्डबोकेने: नॉर्वेजियन शब्दांची मुळं शोधण्यासाठी

बर्गन विद्यापीठ आणि नॉर्वेची भाषा परिषद चालवत असलेली ही ऑनलाइन शब्दकोशसेवा पूर्णपणे मोफत आहे. बूकमोल आणि नीनोर्स्क या दोन्ही लेखनरूपांचे कोश शेजारीशेजारी उघडतात. व्युत्पत्ती हवी असेल तर दोन्ही बघाच, कारण जुनं रूप बहुतेक वेळा नीनोर्स्कमध्ये टिकलेलं असतं.

खिडकीचंच घ्या. बूकमोलमध्ये 'विंदू', नीनोर्स्कमध्ये 'विंदएउगे'. पहिल्यात झिजलेला डोळा दुसऱ्यात स्पष्ट दिसतो: प्राचीन नॉर्समधलं (नॉर्वेजियनच्या पूर्वज भाषेतलं) 'विंदाउगा', म्हणजे वारा अधिक डोळा. इंग्रजीतली 'विंडो' इथूनच गेली. त्यातला 'विंद' आणि आपला 'वात' एकाच इंडो-युरोपीय धातूचे. ही शेवटची पायरी मात्र कोशात शोधू नका. नोंदी आटोपशीर असतात आणि बऱ्याचदा प्राचीन नॉर्सपाशीच थांबतात. त्यापुढे नॉर्वेजियन अकादमीचा मोठा कोश उघडावा, तोही मोफत आहे.

शोधताना घोटाळा होतो तो अक्षरांचा. वर्णमालेतली शेवटची तीन अक्षरं (æ, ø, å) साध्या रोमन अक्षरांनी लिहिली की शब्दच बदलतो: 'फोर' (får) म्हणजे मेंढी, 'फार' (far) म्हणजे बाप. फोनवर आधी नॉर्वेजियन कीबोर्ड घाला. जोडशब्दाला मूळ दिलेलं नसेल तर तो फोडून घटक वेगवेगळे शोधा. आणि 'बेताले' (पैसे देणे) किंवा 'स्नाके' (बोलणे) यांसारखे रोजचे शब्द नॉर्समध्ये शोधत बसू नका, ते हान्सा या उत्तर जर्मन व्यापारी शहरांच्या संघाच्या काळात उत्तर जर्मनीच्या बोलीतून आले.