लटकता वजनकाटा (50 किलोवाला): आठ महिने, एक माळा आणि रद्दीवाल्याची माफी

काल मुलाने आणि भाच्याने खांद्यावर बांबू घेतला, मधे हा काटा लटकवला आणि त्याला गॅसचा भरलेला सिलिंडर टांगला. 29.90. सिलिंडरच्या कडीवर रिकाम्याचं वजन 15.8 ठोकलेलं. म्हणजे आत गॅस 14.1, असायला हवा 14.2. काटा तुटला नाही, हुक वाकला नाही. म्हणून आज लिहायला बसले. मे महिन्यात लिहिलं असतं तर एक स्टार दिला असता, तोही रागाने.

घेतला 349 रुपयांना. लालबागची आमची इमारत पुनर्विकासाला गेली, जुलैअखेर खोल्या खाली करायच्या होत्या. भाड्याची जागा बोरिवलीला, तिथे माळा नाही. इथला माळा मात्र तीन पिढ्यांनी भरलेला. भंगारात जाईल ते वजनाने जाणार, मग वजन आपलं आपल्याला माहीत असावं एवढाच हिशेब.

पहिल्या रविवारी पेपरची रद्दी घरी मोजली: 24.20. रद्दीवाल्याच्या स्प्रिंगच्या काट्यावर तीच साडेअकरा. मी जिन्यात उभी राहून सगळा मजला गोळा केला. "अर्धी रद्दी खाता काय?" तो बिचारा म्हणत होता, "भाभी, पंधरा साल से आता हूँ." मी त्याच्या काट्यावर वैधमापनाचा शिक्का शोधू लागले, गंजाखाली काही दिसेना. (माझ्या काट्यालाही शिक्का नाही, हे तेव्हा सुचलं नाही.) शेवटी साडेअकराचे पैसे घेतले, पण चार वाक्यं जास्तीची बोलून.

संध्याकाळी सहज दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी टांगली तर 1.04. दूध पाण्यापेक्षा जरासं जड, हे मान्य. दुप्पट जड कसं असेल? चष्मा लावून पाहिलं, तर आकड्यांच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत किलोऐवजी 'जिन' लिहिलेलं. जिन म्हणजे चिनी माप, अर्ध्या किलोचं. चालू करायच्या बटणाला खेटूनच युनिट बदलायचं बटण आहे, अंगठा जाड असेल तर दोन्ही दाबली जातात. आणि एकदा बदललं की बंद करून चालू केलं तरी जिनच राहतं. मुंबईत कोण जिनमध्ये कांदे घेतं? माझी या काट्याबद्दलची खरी तक्रार एवढीच आहे आणि ती आठ महिन्यांत तसूभरही कमी झालेली नाही. त्या बटणावर मी टिकली लावली आहे. बटण दाबलं जायचं थांबत नाही, पण बोटाला कळतं.

पुढच्या रविवारी रद्दीवाल्याला चहा दिला, माफी मागितली. मात्र 24.20 जिन म्हणजे 12.10 किलो, आणि त्याने धरले साडेअकरा. माफी अर्ध्या रद्दीची होती, सहाशे ग्रॅमची नव्हती. चौदाच्या दराने 8 रुपये 40 पैसे होतात. त्यानंतर माझा काटा दिसला की तो आपलं वजन सांगायच्या आधी माझ्याकडे बघायचा.

दिवाळी अंकांची परंपरा 1909 पासूनची, आमच्या माळ्यावरची 1978 पासूनची. सासूबाई अंकांना हात लावू देईनात. एक गठ्ठा मेमध्ये मोजला, 8.40. जुलैत त्या कशाबशा तयार झाल्या तेव्हा तोच गठ्ठा 8.72. दोरी तीच, अंक तेच. पावसाळी हवेत कागद पाणी धरतो आणि रद्दीवाल्याला ते पक्कं ठाऊक असतं: "बारिश का माल है," म्हणत त्याने दर एक रुपयाने पाडला. त्यामुळे ज्यांना जागा खाली करायची आहे त्यांनी रद्दी मेमध्येच काढा.

भांडीवालीपुढे काटा काही कामाचा नाही. तिने तो पाहून पदर तोंडाला लावून हसून घेतलं. सहा साड्या आणि दोन पँटी घेऊन तिने स्टीलचं एक पातेलं दिलं. पसारा कमी करायला बसलेल्या घरात पातेलं वाढलं.

पितळी हंडा टांगला तेव्हा मात्र सगळे गप्प झाले. 4.36. रद्दीवाल्याने पितळेला 350 सांगितला होता, म्हणजे दीड हजाराच्या वर. हंडा हुकावर हळूहळू फिरत होता आणि काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव फिरून समोर आलं. सासूबाईंचं माहेरचं नाव, पुढे 1961. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मोजून झालं ना? आता उतरव." उतरवला. बोरिवलीला टेम्पोत तो माझ्या मांडीवर आला. रिकामा असूनही मांडीला मुंग्या आल्या.

बाकी थोडक्यात. सोबतचा नायलॉनचा पट्टा पंधरा किलोच्या वर वापरू नका, क्लिप सुटते (आमचा मिक्सर वाचला, फरशी नाही). आकडा स्थिर झाला की धरून ठेवतो, हे फार सोयीचं, कारण टांगलेल्या ओझ्याआड स्क्रीन दिसत नाही. दीडेक मिनिटात आपोआप बंद होतो, तेवढ्यात वही शोधून ठेवा. सेल अजून पहिलेच आहेत.

349 वसूल झाले का? वहीत हिशेब आहे: फरकाचे म्हणून जास्तीचे मिळाले 212 रुपये. त्यातून चहा वजा केलेला नाही.

तीन स्टार देणार होते, सिलिंडरमुळे चार. तो शंभर ग्रॅमचा फरक मी गॅसवाल्याला विचारणार नाही. बांबू हलत होता. आणि आधी टिकली जागेवर आहे का ते बघायचंय.