गेम शोच्या रेकॉर्डिंगला पैसे घेऊन प्रेक्षक म्हणून बसणं : माझा रिव्ह्यू

टीव्हीवर गेम शो बघताना मागे जी माणसं टाळ्या वाजवत असतात ना, त्यातल्या बऱ्याच जणांना कधीकधी त्या दिवसाचे पैसे मिळणार असतात. मी हे काम केलंय म्हणून लिहितेय. सगळेच शो पैसे देतात असं नाही, कितीतरी ठिकाणी लोक फुकटचा पास मिळवून हौसेने येतात, पण दिवसभर सगळ्या खुर्च्या भरलेल्या दिसायला हव्या असतील तर हौशी मंडळी पुरत नाहीत, जेवणानंतर एकेक करून निघायला लागतात, मग एजन्सीकडून माणसं मागवतात. आधीच सांगून टाकते, मला हे काम मनापासून आवडलं. पण हे काम आहे, नुसती करमणूक नाही, आणि ते कामासारखंच घ्यावं लागतं.

बोलावण्याची वेळ आणि कॅमेरा सुरू व्हायची वेळ यांचा एकमेकांशी फार संबंध नसतो. रांग, ओळखपत्र, मग सहीचा कागद. तो कागद वाचा, प्लीज वाचा, मागच्याला घाई असली तरी वाचा. त्यात मुख्य गोष्टी दोन असतात, तुमचा चेहरा दाखवायला तुमची परवानगी आहे आणि एपिसोड लागेपर्यंत कोण जिंकलं कोण हरलं हे बाहेर सांगायचं नाही. दुसरी अट मला शंभर टक्के पटते, बघणाऱ्याची मजा आपण का घालवायची. मोबाईल जमा करून घेतात किंवा बंद करायला लावतात, तेव्हा घरी आधीच सांगून ठेवा नाहीतर तिकडे काळजी सुरू.

कपड्यांबद्दल मेसेज येतो पण कारण कोणी सांगत नाही. पांढराशुभ्र कपडा लाईटखाली नको इतका चमकतो. बारीक रेघा आणि बारीक चौकडी कॅमेऱ्यात लहरायला लागतात, कापड हलतंय असं वाटतं. आणि छातीवर मोठा लोगो असेल तर तो नंतर एडिटिंगमध्ये धूसर करत बसावं लागतं, म्हणून मग तुम्हाला कोपऱ्यात तरी बसवतात नाहीतर वरून काहीतरी घालायला देतात. एकरंगी, उठून दिसणारा रंग बेस्ट. सोबत दुसरा जोड पण न्या, कारण एका दिवसात एकापेक्षा जास्त एपिसोड होतात. अमेरिकेतल्या 'जेपर्डी' या क्विझ शोचे तर एका दिवसात पाच एपिसोड रेकॉर्ड होतात, म्हणजे टीव्हीवरचा अख्खा आठवडा एका दिवसात उरकतो. मग तेच चेहरे त्याच जागी दिसू नयेत म्हणून आपल्याला कपडे बदलायला लावतात, जागा बदलून बसवतात. आणि हो, स्वेटर किंवा शाल. लाईट आणि मशिनरी तापतात म्हणून एसी जोरात असतो, आपण बसून बसून गारठतो.

आता खरं काम. स्पर्धक सेटवर यायच्या आधीच कॅमेरा आपल्याकडे वळतो आणि नुसत्या आपल्या रिअ‍ॅक्शन घेऊन ठेवतात. फ्लोअर मॅनेजर समोर उभा राहतो आणि सांगतो, आता कोणीतरी खूप मोठी रक्कम जिंकलंय, की आपण उभं राहून टाळ्या. आता कोणाचं तरी उत्तर चुकलं, की आपण 'अरेरे'. आता विचार करा, की सगळे एकदम गंभीर. टाळी छातीच्या उंचीवर वाजवायची, तोंडासमोर हात आले की चेहरा झाकतो. त्याने हात वर नेला की आवाज चढवायचा, मूठ बंद केली की कट, पण एकदम कट हां, एकाची टाळी मागे राहिली तरी ती माईकमध्ये येते. माझ्या शेजारच्या काकूंना हे इतकं छान जमायचं की कॅमेरा सारखा त्यांच्यावरच यायचा. समोर कोणी नसताना त्यांच्या चेहऱ्यावर काळजी यायची, आणि ती खरी वाटायची. त्यांनी मला सांगितलं, मी सरळ माझ्या मुलीची परीक्षा डोळ्यासमोर आणते. मी पण मग तेच करायला लागले आणि फरक पडला.

काही लोक म्हणतात विकतच्या टाळ्या म्हणजे फसवणूक. मला नाही पटत. एक तर हे काही टीव्हीने शोधून काढलेलं नाही, एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या थिएटरांमध्ये पैसे घेऊन टाळ्या वाजवणाऱ्यांची टोळीच असायची, हसणारे वेगळे, रडणारे वेगळे, 'पुन्हा एकदा' ओरडणारे वेगळे. दुसरं म्हणजे, गेम शोमध्ये जे खरं असायलाच पाहिजे ते म्हणजे खेळ, आणि त्याची राखण सेटवर किती कडक असते हे मी जवळून पाहिलंय. 1950 च्या दशकात अमेरिकेत 'ट्वेंटी-वन'सारख्या क्विझ शोमध्ये स्पर्धकांना आधीच उत्तरं दिली जात होती हे उघडकीला आलं, केवढा गदारोळ झाला, आणि 1960 मध्ये असे खेळ आधीच ठरवून करणं तिथे कायद्याने गुन्हा झालं. ब्रिटनच्या 'हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर'मध्ये 2001 साली खोकून उत्तर सुचवल्याचं प्रकरण झालं आणि 2003 मध्ये कोर्टाने तिघांना दोषी ठरवलं. तेव्हा सेटवर कोणी तुम्हाला ओठ हलवू नका, मान डोलवू नका असं दरडावून सांगितलं तर राग मानू नका. उत्तर माहीत असतानाही चेहरा कोरा ठेवणं हा या कामाचा सगळ्यात अवघड भाग आहे, टाळ्या त्यामानाने सोप्या.

आणि ती शांतता! टीव्हीवर ती काही सेकंदांची दिसते. प्रत्यक्षात स्पर्धक खूप वेळ विचार करतो, मधला भाग नंतर कापतात. डोक्यावरून क्रेनचा कॅमेरा सरकतो, कोणी हलत नाही, खुर्ची करकरली तरी सगळे बघतात. एक बाई शेवटच्या प्रश्नावर अडकल्या होत्या, दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरलेली, बोटं पांढरी पडलेली. उत्तर बरोबर आलं आणि आम्ही उठलो तेव्हा कोणी हात वर करून उठा म्हणाल्याचं मला तरी आठवत नाही, आपोआप उठलो. मग आवाजाचा काहीतरी घोळ झाला म्हणून सूत्रसंचालकाचं वाक्य परत घेतलं, आणि त्यासोबत आम्हाला परत उभं राहायला लावलं. दुसऱ्या वेळी त्या बाई आधीच रडून मोकळ्या झाल्या होत्या, त्यांना नीट हसता पण येईना. तेव्हा आमचाच उत्साह उपयोगी पडला, आमच्याकडे बघून त्यांच्या चेहऱ्यावर परत तोच आनंद आला. त्या टाळ्यांचे मला पैसे मिळाले याचं मला काही वावगं वाटत नाही, त्या क्षणी आमची गरज होती तिथे.

ज्या शोमध्ये प्रेक्षकांचा कौल घेतात तिथे खुर्चीपाशी बटणांचं छोटं यंत्र देतात. त्यावर मात्र मनापासून दाबा, समोरच्याचा पैसा त्यावर ठरतो. माहीत नसेल आणि दाबायची सक्ती नसेल तर दाबू नका.

वाईट बाजू पण सांगते. जेवणानंतरचा शेवटचा एपिसोड जीव काढतो, तळहात लाल होतात, पाठ धरते. ब्रेक कधी हे कोणी सांगत नाही, बाथरूमला जायचं तर उठून परवानगी घ्यावी लागते, वयस्कर माणसांना हा फार त्रास आहे आणि यात सुधारणा व्हायलाच पाहिजे. गोरेगोमटे, तरुण, छान कपड्यातले पुढे आणि बाकीचे मागे, हा प्रकार मला अजिबात आवडला नाही, घरी बघणाऱ्यांमध्ये सगळ्या तऱ्हेची माणसं असतात की. आणि सगळ्यात मोठी तक्रार पैशाची. ज्या कोऑर्डिनेटरमार्फत (म्हणजे शोसाठी माणसं गोळा करून देणारा) मी गेले होते त्याने पैसे त्याच दिवशी देतो म्हणून सांगितलं आणि नंतर कितीतरी दिवस फोनच उचलला नाही, मिळाले तेव्हा त्यातून त्याचं कमिशन कापलेलं, ज्याबद्दल आधी एक शब्द नाही.

अनुभवाला माझ्याकडून पाचपैकी चार, पैशाच्या व्यवहाराला दोन. जायचं असेल तर हो म्हणायच्या आधी मेसेजवर लेखी विचारून घ्या: हातात किती मिळणार, कधी मिळणार, रेकॉर्डिंग लांबलं तर जास्तीचे देणार का, जेवण आणि परतीची सोय कोणाची. जो नीट उत्तर देत नाही त्याच्याकडून जाऊ नका, दुसरे कोऑर्डिनेटर असतात. आणि नाव नोंदवायला कोणी आधी पैसे मागितले तर तिथूनच मागे फिरा, या कामात पैसे आपल्याला मिळायचे असतात, आपण द्यायचे नसतात.